तपासणारा म्हणून माझे नाव

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ सत्तेचाळीस वर्षांचा आहे. डोक्यावरचे केस गेले, चष्म्याची काच जाड झाली, तरी घरात त्याला अजून बारक्याच म्हणतात. एका कॉलेजातल्या संगणकांची देखभाल तो करतो. कुणाचा प्रिंटर अडला, कुणी पासवर्ड विसरला, यातच त्याचा दिवस जातो. ही त्याची नोकरी. त्याचे खरे काम वेगळे आहे आणि ते त्याला कुणी दिलेले नाही.

संगणकाच्या आत एक कारभारी असतो. यंत्राचे सुटे भाग आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामध्ये उभा राहून तो एकाचे म्हणणे दुसऱ्याला पोचवतो. त्याला कर्नेल म्हणतात. बारक्या ज्या कर्नेलवर काम करतो ते कुणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. देशोदेशीचे हजारो लोक मिळून ते लिहितात आणि तेही एकमेकांना साधी पत्रे पाठवून. ती पत्रे सगळ्यांना दिसतात आणि कायमची जपून ठेवली जातात. या पत्रव्यवहाराला ते लोक नुसते 'लिस्ट' म्हणतात. कुणी एखादी दुरुस्ती, म्हणजे पॅच, पत्रातून पाठवतो. बाकीचे तिच्या ओळीओळीखाली आपले म्हणणे लिहितात. मग ती परत जाते, सुधारून येते, पुन्हा परत जाते.

या अवाढव्य कामातला अगदी छोटा तुकडा बारक्याकडे आहे. आठ वायरींचे एक जुने कार्ड असते आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला तापमान मोजणारी धातूची काडी. शीतगृहांत, प्रयोगशाळांत अशी कार्डे अजून चालू आहेत. त्या कार्डाशी बोलणारा दोनेक हजार ओळींचा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बारक्या सतरा वर्षे सांभाळतो आहे, एक पैसा न घेता.

या कामात त्याच्या वर एक बाई आहे. बारक्याने पुढे पाठवलेले सगळे तिच्या हातून जाते. दोघांची कधी भेट झालेली नाही. तिला आमच्या घरात 'कात्री' म्हणतात, कारण ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा जास्त राहिली तरी ती पॅच परत पाठवते. एक पॅच तिने सात वेळा परत पाठवला होता. आठव्यांदा घेतला तेव्हा बारक्या म्हणाला, "बाई बरोबर होती."

त्याची बायको परिचारिका आहे आणि तोंडाने फटकळ. "ह्याचा त्या बाईशी माझ्यापेक्षा जास्त पत्रव्यवहार आहे," ती म्हणते. "पण मला काळजी नाही. ती नुसत्या चुका काढते. तेवढं तर मीही करते."

बारक्याच्या काही सवयी मी जवळून पाहिल्या आहेत. लिस्टवर कुणी तिरकस लिहिले की तो लगेच उत्तर देत नाही. चपला घालून बिल्डिंगला दोन फेऱ्या मारतो आणि मग लिहितो. फारच लागले असेल तर चार फेऱ्या. खालच्या मजल्यावरची आजी त्याला विचारते, "आज किती रे?" नवीन माणसाने पाठवलेला पॅच कितीही कच्चा असला तरी पहिले वाक्य तो आभाराचे लिहितो. आणि ज्याने जे केले त्याचे नाव पॅचखाली लिहिल्याशिवाय तो राहत नाही. ती त्या लोकांची रीतच आहे. लिहिणारा अमुक, वाचून बघणारा अमुक, यंत्रावर तपासणारा अमुक, बिघाड कळवणारा अमुक. पण बारक्या प्रत्येकाला आधी विचारतो, नाव कसे लिहू?

माझे नाव तिथे गेले ते असे. मी एका शीतगृहात नोंदींच्या विभागात हेडक्लार्क आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडची जुनी मशिने भंगारात निघाली. त्यातल्या एकात ते कार्ड होते. बारक्याचे स्वतःचे कार्ड नुकतेच जळले होते. तो म्हणाला, "भाऊजी, ते भंगारवाल्याला देऊ नका. माझ्याकडे ठेवायला जागा नाही, तुमच्या मागच्या खोलीत राहू दे. मी पॅच पाठवीन, तुम्ही फक्त तपासायचं."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"काही कळायला नको. सांगितलेलं सांगितल्यासारखं करणारा माणूस पाहिजे. असा माणूस लिस्टवर मिळत नाही हो, सगळे हुशार आहेत."

त्याने मला बारा पायऱ्या लिहून दिल्या. मी त्यांच्यासाठी वही केली, रकाने आखले. प्रत्येक पायरी झाली की खूण. शेवटची, बारावी पायरी अशी होती: मशीन झोपवायचे, वीस मिनिटे थांबायचे, जागे करायचे, मग पहिली काडी मुठीत धरायची आणि पडद्यावरचा आकडा वाढतो का ते बघायचे. सगळे झाले की लिस्टला पत्र: बाराही पायऱ्या केल्या, अडचण नाही. मग पॅचखाली माझे नाव यायचे, वडिलांच्या नावासकट पूर्ण.

पहिल्यांदा आले तेव्हा मी ते छापून ऑफिसात नेले होते. बायको म्हणाली, "ह्यांचं नाव आता कॉम्प्युटरच्या पोटात गेलंय. काढायला डॉक्टरच लागेल." मी हसलो, पण मला अभिमान वाटत होता. ते नाव एकतीस वेळा आले. मी मोजले आहे.

बत्तिसावा पॅच आला तो झोपेबद्दलचाच होता. नव्या मशिनांवर ते कार्ड झोपेतून उठायला फार वेळ लावायचे, कधी उठायचेच नाही. बारक्याने ते लवकर उठेल असे केले होते. मी सकाळी तपासायला बसलो. अकरा पायऱ्या झाल्या. मशीन झोपवले, वीस मिनिटे घड्याळ लावून थांबलो, जागे केले. पडद्यावर साडेतेवीस अंश दिसत होते. खोलीत तेवढेच असावे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून प्लंबरने हाक मारली, "काका, मेन कॉक कुठंय?" मी वहीत बारावी खूण केली आणि उठलो.

प्लंबर हे कारण नव्हे, हे मला ठाऊक आहे. तो गेल्यावर मला सगळी दुपार मोकळी होती. काडी मुठीत धरायला अर्धे मिनिट लागते. पण एकतीस वेळा आकडा वाढला होता. बत्तिसाव्यांदा वाढेलच असे मी धरून चाललो. परत खोलीत गेलो, मशीन बंद केले आणि पत्र लिहिले: बाराही पायऱ्या केल्या, अडचण नाही.

पाच महिन्यांनी एका बाईचे पत्र लिस्टवर आले. त्यांच्यात रीत अशी आहे की एखाद्या पॅचमुळे काही मोडले तर त्या पॅचखाली ज्यांची नावे असतील त्या सगळ्यांना पत्राची प्रत जाते. म्हणून ते मलाही आले. ती एका छोट्या संस्थेत जुन्या पिकांचे बियाणे सांभाळते. थंड खोलीत बियाणे, खोलीत काड्या, बाहेर मशीन. वीज वाचवण्यासाठी मशीन झोपते, तासातासाने उठून तापमान लिहिते आणि पुन्हा झोपते. सुट्टीच्या आठवड्यात खोलीचे कूलिंग बंद पडले. मशीन मात्र सहा दिवस दर तासाला चारच अंश लिहीत राहिले, कारण झोपण्यापूर्वीचा आकडाच ते परत परत दाखवत होते. एक्केचाळीस वाणांचे बियाणे उगवण्याजोगे राहिले नाही. तिने त्या वाणांची यादीही दिली होती, प्रत्येकापुढे ज्याने ते दिले त्या शेतकऱ्याचे वय. बरेच जण आता हयात नाहीत, असे खाली लिहिले होते.

पत्रात राग नव्हता. दोष कुठल्या पॅचमध्ये आहे हे तिने स्वतः शोधले होते. त्या लोकांची त्याची एक पद्धत आहे: हजारो बदलांचे दोन भाग करायचे, कुठल्या भागात बिघडले ते बघायचे, त्या भागाचे पुन्हा दोन भाग करायचे. तिने असे तेरा वेळा केले आणि बारक्याच्या पॅचवर येऊन थांबली. शेवटी तिने विचारले होते: "हा पॅच तपासलेला आहे असे त्याखाली लिहिले आहे. ज्यांनी तपासला त्यांनी कसा तपासला ते सांगाल का? म्हणजे माझे कार्ड वेगळे आहे का ते कळेल."

प्रश्न मला होता. मी तो ऑफिसात, टेबलाशी बसून वाचला. तेव्हा खरे लिहिले असते तर ही हकिगत इथेच संपली असती. मी लिहिले: "सर्व बारा पायऱ्या नेहमीप्रमाणे पार पाडल्या होत्या. आपले कार्ड वेगळ्या बनावटीचे असू शकेल."

माझ्याखाली लगेच बारक्याने लिहिले: "आमचे तपासणारे अकरा वर्षे हे काम करत आहेत. त्यांनी केले म्हणाले की केले. आपण कार्डातला फरक शोधू." त्या लोकांमध्ये एक नियम आहे, वापरणाऱ्याचे चालते काम आपण मोडायचे नाही. कात्रीने त्याच दिवशी पॅच मागे घेतला. आता नव्या मशिनांवरची कार्डे पुन्हा झोपेतून उठेनात, आणि बारक्या त्या दोन कार्डांतला फरक शोधायला लागला. असा फरक नव्हताच.

तीन आठवडे तो शोधत होता. कॉलेजातून आला की बसायचा. त्या बाईला त्याने मशीन उघडून कार्डाचे फोटो काढायला लावले. मग कार्डावरचे बारीक अक्षरातले आकडे भिंगाने वाचायला लावले. ती नासलेले बियाणे उचलण्याच्या गडबडीत होती, तरी प्रत्येक वेळी तिने ते केले आणि कळवले. लिस्टवर मी ते सगळे वाचत होतो.

एकदा त्याचा फोन आला. "भाऊजी, जमलं तर बारावी पायरी पुन्हा एकदा करून बघता का? उगीच आपलं, खात्रीसाठी."

"बघतो."

मी मागच्या खोलीत गेलो. मशीन सुरू केले नाही. खुर्चीवर थोडा वेळ बसलो आणि बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितले, "बघितलं. पहिल्यासारखंच आहे." भीती अशी होती की केले तर कळेल. न करता मला सांगता येत होते की मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी दुपारी तो आणि त्याची बायको आमच्याकडे आले. चहा झाल्यावर बारक्या माझ्या बायकोला म्हणाला, "ताई, मी उद्या नाव काढतोय."

"कशातनं?"

"सांभाळणाऱ्यांच्या यादीतून. ड्रायव्हरपुढे माझं नाव आहे ना, ते. पॅच लिहून ठेवलाय, उद्या पाठवतो. दुसरा कुणी मिळेपर्यंत तिथे 'अनाथ' असं लिहितात."

"सतरा वर्षं फुकट राबलास आणि आत्ता दमलास होय?"

"दमलो नाही गं. मला दिसेनासं झालंय. दोन हजार ओळी आहेत, त्यातली प्रत्येक मी लिहिली नाहीतर वाचली. आणि त्यातली चूक मला तीन आठवड्यांत सापडत नाही. मग मी तिथं बसून काय करतोय? उद्या आणखी कुणाचं काही मोडेल."

त्याची बायको एरवी बोलली असती. ती बशीतला चमचा सरळ करत राहिली. मग म्हणाली, "परवापासून फेऱ्याही मारत नाहीये. खालच्या आजी वर येऊन विचारून गेल्या."

मी उठलो. "बारक्या, मागच्या खोलीत ये जरा."

त्याला वाटले मशीन परत न्यायचे विचारतोय. "राहू दे ना इथंच, घाई काय आहे?"

मी मशीन सुरू केले. त्यावर अजून तीच आवृत्ती होती, बत्तिसाव्या पॅचची. काडी मी टेबलावर ठेवली. पडदा बावीस अंश दाखवत होता. मी मशीन झोपवले. "वीस मिनिटं थांबायचंय," मी म्हणालो.

"मला माहितीये भाऊजी, मीच लिहिलंय ते."

वीस मिनिटे फार असतात. तो इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभा राहिला. मी सांगायला तोंड उघडले आणि त्याला विचारले, कॉलेजात सुट्टी कधीपासून आहे. त्याने सांगितले. पुन्हा थोडा वेळ गेला. बाहेर दोघी भांडी आवरत होत्या. सांगायचे शब्द मी तीन आठवडे तयार करत होतो. शेवटी घड्याळ वाजले. मी मशीन जागे केले. बावीस. काडी मुठीत घट्ट धरली. आम्ही दोघे बघत राहिलो. बावीस. मी काडीवर फुंकर मारली. बावीसच.

बारक्या एकदम पुढे झाला. "अहो, येतंय की! इथं पण येतंय! म्हणजे कार्ड सारखंच आहे." त्याने काडी माझ्या हातातून घेतली, स्वतःच्या मुठीत धरली आणि हसायला लागला. चूक समोर पकडता आली की त्या लोकांना किती आनंद होतो ते मी तेव्हा पाहिले. "अहो, मग मी वेड्यासारखा... ती बिचारी भिंग घेऊन..." आणि तो थांबला. माझ्याकडे वळला.

"त्या दिवशी मी ही पायरी केली नव्हती," मी म्हणालो. "नुसता आकडा बघितला आणि खूण केली."

"आणि मी फोन केला तेव्हा?"

"तेव्हाही नाही."

त्याने काडी टेबलावर ठेवली. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"पायरी सोडली ते एक वेळ ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "सगळ्यांची सुटते. माझीही सुटलीय. पण तिनं विचारलं होतं हो. तिनं तुम्हाला सरळ विचारलं होतं."

"तू माझ्या वतीनं सांगितलंस ते मला..."

"मी सांगितलं ते माझ्याजवळ राहू दे." त्याचा आवाज चढला नव्हता. "मला सांगून उपयोग नाही, भाऊजी. तिला सांगा. लिस्टवर."

"सगळ्यांसमोर?"

"खोटं सगळ्यांसमोरच बोललात ना."

इतक्या वर्षांत तो मला असे कधी बोलला नव्हता. तो बाहेर गेला, चपला घातल्या. माझ्या बायकोने विचारले, "कुठं रे?" तर म्हणाला, "आलोच." तो आमच्या बिल्डिंगला फेऱ्या घालत होता. मी खिडकीतून मोजल्या नाहीत.

तो वर आला तेव्हा मी पत्र लिहीत होतो. त्याने वाचायला मागितले नाही. माझ्या शेजारी आपला लॅपटॉप उघडून बसला आणि अर्ध्या तासात त्याला चूक सापडली. कार्ड उठल्यावर जुना आकडा पुसायला हवा होता. ती एक ओळ त्याच्याकडून राहिली होती. ती जागा त्याने बघितलीच नव्हती, कारण मी बोट दुसरीकडे दाखवले होते.

माझे पत्र पाच ओळींचे होते. बारावी पायरी मी केली नव्हती. विचारले तेव्हा केली असे सांगितले, ते खोटे होते. पुन्हा करायला सांगितले तेव्हाही केली नाही. आज केली आणि दोष इथेही दिसतो. आपले कार्ड आमच्यासारखेच आहे. 'क्षमस्व' हा शब्द मी लिहिला आणि खोडला. एक्केचाळीस वाणांपुढे तो फार लहान दिसत होता. मग पुन्हा लिहिला, कारण त्याच्याशिवाय दुसरा नव्हता.

कात्रीने उत्तर दिले: "कळले. सांगितल्याबद्दल आभार." त्याखाली दहा ओळी बारक्यासाठी होत्या. इतक्या लोकांच्या उपयोगाची गोष्ट एका माणसाच्या तपासणीवर का सोडली होती? बारक्याने त्याखाली लिहिले, "बाईंचे म्हणणे बरोबर आहे. चूक माझी." मला ते वाचवले नाही.

यादीतून नाव काढायचा पॅच त्याने पाठवला नाही. नवी दुरुस्ती पाठवली. त्याखाली बिघाड कळवणारी म्हणून त्या बाईचे नाव होते. तपासणारी म्हणूनही तिचेच. तिने काडी बर्फात ठेवून बघितली, हातात धरून बघितली, तीन वेगवेगळ्या मशिनांवर, आणि प्रत्येक वेळचा आकडा लिहून पाठवला. माझ्या पत्राला तिने उत्तर दिले नाही. दोन महिने मी रोज लिस्ट उघडून बघत होतो. चार शब्द रागाचे लिहिले असते तरी चालले असते. पण तिने काही का लिहावे? तिने विचारले होते तेव्हा मी काय उत्तर दिले होते?

मी बारक्याला एकदा विचारले, त्या जुन्या पॅचखालचे माझे नाव काढता येईल का.

"नाही," तो म्हणाला. "ते कुणालाच काढता येत नाही. लाखो लोकांकडे त्याची प्रत आहे."

बारक्याचा पुढचा पॅच लिस्टवर दिसला तेव्हा मला वाटले तो आता मला तपासायला देणार नाही. शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात बारक्या होता, हातात ती बारा पायऱ्यांची यादी, नव्याने छापलेली. बाराच्या आता पंधरा झाल्या होत्या.

"मशीन न्यायला आलास?" मी विचारले.

"न्यायचं कुठं? माझ्याकडं जागा आहे होय?" तो चपला काढत म्हणाला. "तुम्ही करा. पण मी शेजारी बसणार."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "बस बस. ह्यांच्यावर नजर ठेवायला कुणीतरी पाहिजेच." ती गमतीने म्हणाली. तिला आम्ही अजून सगळे सांगितलेले नाही. बारक्या हसला नाही.

मी मशीन सुरू केले, पहिली पायरी वाचली. तो स्टूल ओढून बसला. दुसरी, तिसरी. आठव्या पायरीला मी हळूच त्याच्याकडे पाहिले. पडद्यावर काय येते याकडे त्याचे लक्ष नव्हते. तो माझ्या हातांकडे बघत होता.